पहिल्यांदा कापूस विकताना

सीतादही झाली. पहिली वेचणी घरात आली. ओसरीत कापसाचा पांढरा ढीग लागला आहे. आता तो विकायचा.

नेहमी बाजार करणारा माणूस घरात असेल तर काळजी नाही. पण पोरगा नवा असेल तर? किंवा घरधनी गेल्यावर बाजार बाईवर येऊन पडला असेल तर? आपल्या यवतमाळ जिल्ह्यात अशा बाया गावोगाव आहेत. त्यांनी पेरले, निंदले, वेचले. पण काट्याजवळ त्या कधी उभ्या राहिल्या नाहीत. त्यांच्यासाठी आम्ही हा धडा लिहीत आहोत. बाप्यांनी वाचला तरी हरकत नाही.

व्यापारी कधी कधी गावातच येतो. गाडी आणतो, काटा आणतो, रोख पैसे दाखवतो. याला खेडा खरेदी म्हणतात. भाड्याचा खर्च वाचतो, म्हणून मन ओढ घेते. पण काटा त्याचा, भाव त्याचा आणि साक्षीदार कोणी नाही! अशा वेळी आपण त्याला विचारावे, "भाऊ, तुमचा परवाना दाखवा. पावती द्याल का?" तो हसला किंवा रागावला, तर समजून घ्यावे. घरचे एखादे पोते आधी दुसरीकडे मोजून ठेवावे. तेच पोते त्याच्या काट्यावर पहिले चढवावे. काटा खरा की खोटा, ते तिथेच कळते.

यवतमाळ, वणी, पांढरकवडा, घाटंजी, राळेगाव येथे बाजार समित्या आहेत. तिथे भाव चारचौघांत बोलला जातो. ही गोष्ट सहज मिळालेली नाही बरं का. पूर्वी अनेक बाजारांत दलाल आणि व्यापारी उपरण्याखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवीत. माल शेतकऱ्याचा, आणि भाव त्यालाच दिसत नसे. 1886 साली कारंज्याला कापसाचा पहिला नियमांचा बाजार सुरू झाला. हे कारंजा आज वाशीम जिल्ह्यात आहे. 1897 साली सगळ्या वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. तेव्हा वऱ्हाड निजामाचे, पण कारभार इंग्रजांचा होता. बाजारावर देखरेख आली, तरी कमिटीत व्यापाऱ्यांचाच भरणा होता. पुढे महाराष्ट्राने 1963 साली बाजार समित्यांचा कायदा केला. त्यात शेतकऱ्यांचे प्रतिनिधी समितीवर आले. नियमाबाहेरची सूट मालातून कापायला बंदी झाली.

तरी कापतात. कोणी क्विंटलमागे एक किलो 'कडता' धरतो. कोणी नमुन्याच्या नावाने ओंजळ ओंजळ कापूस काढून घेतो. कोणी पट्टीवर 'धर्मादाय' लिहितो. दान करायचे तर आपण आपल्या हाताने करू!

एक किलोने काय होते, असे वाटते ना? हिशेब करू. समजा, कापूस भरला 8 क्विंटल 40 किलो. भाव 7000 रुपये. कडता गेला 8 किलो 400 ग्रॅम. म्हणजे 588 रुपये गेले. पोराच्या वर्षभराच्या वह्या त्यात आल्या असत्या.

सरकारी खरेदी भारतीय कपास निगमच्या केंद्रावर होते. तिथे हमीभाव मिळतो. 2025-26 च्या हंगामात तो लांब धाग्याला 8110 रुपये आणि मध्यम धाग्याला 7710 रुपये क्विंटल असा ठरला. त्या हंगामात 'कपास किसान' नावाच्या मोबाईल अ‍ॅपवर आधी नाव नोंदवावे लागले. सातबारा, पिकाची नोंद आणि आधार लागले. पैसे आधार जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात. म्हणून सातबारा मेलेल्या माणसाच्या नावावरच राहिला असेल, तर विक्री अडते. तलाठ्याकडे वारसाची नोंद उन्हाळ्यातच करून घ्यावी. वेचणीच्या दिवसांत धावाधाव नको.

केंद्रावर ओल मोजतात. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, 8 ते 12 टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात कमी भाव. 12 च्या वर माल परत. सकाळी दवात वेचलेला कापूस तसाच पोत्यात कोंबू नये. तो वाळवावा. आणि वजन वाढावे म्हणून पाणी शिंपडणारेही आपल्यातच आहेत, हे कबूल केले पाहिजे. एकाने शिंपडले, की व्यापारी दहा जणांच्या मालात ओल धरतो.

सौदा झाला की गाडी एकटी सोडू नये. काट्याचा आकडा आपल्या डोळ्यांनी पाहून आपल्या वहीत लिहावा. रिकाम्या गाडीचे वजनही लिहावे. हमाली आणि तोलाईचे दर समितीच्या कचेरीत विचारावे, ते फलकावरही असतात. अंगठा किंवा सही, पट्टी वाचून झाल्यावरच. मागे माणसे ओरडतील, "लवकर करा, बाई!" ओरडू द्या. वर्षाचे पीक आहे ते. पट्टीत चूक दिसली तर समितीच्या सचिवाकडे त्याच दिवशी लेखी तक्रार द्यावी. पट्टी जपून ठेवावी.

आता खालची पट्टी मोठ्याने वाचा.

कापूस : 6 क्विंटल 25 किलो
भाव : 7200 रुपये
रक्कम : 45,000 रुपये
हमाली : 90 रुपये
तोलाई : 30 रुपये
धर्मादाय : 50 रुपये
हाती दिले : 44,730 रुपये

या पट्टीत दोन गोष्टी चुकल्या आहेत. एक वाचून सापडेल. दुसरी वजाबाकी केल्यावर सापडेल. शोधा आणि वहीत लिहा.