घरसंसारातील काटकसर : वाळवण, कणगी, गोधडी आणि परसबाग

ग्रामीण कुटुंबाच्या अर्थव्यवस्थेचा विचार करताना आपले लक्ष साहजिकच शेतातील उत्पन्न, बाजारभाव आणि कर्ज यांकडे जाते. शेतातून घरात आलेला दाणा, जुना झालेला कपडा, मोरीतून बाहेर पडणारे पाणी आणि वैशाखातील कडक ऊन यांचे घरात पुढे काय होते, याचा हिशेब मात्र सहसा कोणत्याही वहीत मांडला जात नाही. वास्तविक कुटुंबाची शिल्लक बऱ्याच अंशी याच ठिकाणी ठरत असते. कमाई वाढविणे प्रत्येकाच्या हाती नसते. आहे ते वाया जाऊ न देणे हे मात्र पुष्कळसे घराच्या हाती असते.

काटकसर आणि कंजुषी या दोहोंत नेहमी गल्लत केली जाते. कंजूस मनुष्य गरजेच्या वेळीही हात आखडता घेतो. काटकसरी गृहिणी गरजेच्या वेळेसाठी आधीच तरतूद करून ठेवते. महाराष्ट्राच्या खेड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वाळवण, धान्याची साठवण, गोधडी आणि परसबाग ही चार कामे अशा तरतुदीची उत्तम उदाहरणे होत. त्यांमागील शास्त्र कोणते, त्यांत काय जपावयाचे आणि काय बदलावयाचे, हे पाहणे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व विस्तार कार्यकर्ते यांना उपयुक्त ठरेल.

उन्हाची बेगमी

होळी उलटली की घरोघरी वाळवणाचे वेध लागतात. पापड, कुरडया, सांडगे, शेवया, सांडगी मिरची असे जिन्नस मार्च ते मे या काळात तयार होतात. यामागील तत्त्व सोपे आहे. बुरशी व जिवाणू यांना वाढण्यास ओलावा लागतो. पदार्थातील पाणी उन्हाने काढून घेतले आणि पुन्हा दमट हवा लागू दिली नाही, तर तो महिनोन्‌महिने टिकतो. पावसाळ्यात वाट चिखलाची होते, बाजार दूर पडतो आणि भाजी महाग होते. त्या दिवसांसाठी उन्हाळ्यातील फुकटचे ऊन डब्यात भरून ठेवण्याची ही युक्ती आहे.

कुरडईचेच उदाहरण घेऊ. गहू तीन दिवस पाण्यात भिजत ठेवतात व पाणी रोज बदलतात. दाणा मऊ होऊन किंचित आंबतो, त्यामुळे त्यातील पिष्ट सुटे होण्यास मदत होते. चौथ्या दिवशी गहू वाटून, पाण्यात कालवून, गाळून त्याचा पांढरा चीक काढतात. रात्रभर तो स्थिर ठेवला की चीक तळाशी बसतो व वरचे पिवळसर पाणी ओतून देता येते. दुसऱ्या दिवशी आधणात मीठ व हिंग घालून चीक शिजवितात आणि गरम असतानाच सोऱ्याने कुरडया घालतात. गाळल्यावर उरलेला चोथाही टाकला जात नाही. त्यात मीठ, तिखट, तीळ घालून भुसवड्या करतात. एका धान्यातून दोन टिकाऊ पदार्थ निघतात आणि वाया असे काही जात नाही. ऐन पावसाळ्यात भाजी नसेल तर हीच कुरडई भिजवून फोडणीला टाकली की ताटात कालवण तयार होते. डाळीच्या सांडग्यांची भाजी तर पोषणाच्या दृष्टीनेही सकस असते.

पालेभाज्यांचे वाळवण मात्र वेगळ्या रीतीने करावे. हरभऱ्याचा कोवळा पाला, मेथी, शेवग्याची पाने ही प्रखर उन्हात वाळविली तर त्यांचा हिरवा रंग उडतो आणि ‘अ’ जीवनसत्त्व ज्यापासून शरीरात तयार होते ते द्रव्यही बरेचसे नष्ट होते. त्यामुळे पाला धुऊन, पाणी निथळून, हवेशीर सावलीत पातळ पसरून वाळवावा. वाळवण जमिनीवर न मांडता बाजेवर मांडावे आणि त्यावर जुन्या सुती साडीचा विरळ पदर ताणून घालावा, म्हणजे धूळ व माशा यांपासून संरक्षण मिळते. डब्यात भरण्यापूर्वी वाळलेला पदार्थ पूर्ण निवू द्यावा. गरम असताना झाकण लावल्यास आत वाफ धरते.

या कामाला एक आनंदाची बाजूही आहे. शेवया व पापड हे एकटीने करावयाचे काम नव्हे. आज एकीच्या अंगणात तर उद्या दुसरीच्या, अशी पाळी लावून शेजारणी एकमेकींना हात देतात. मुलांना कावळे हाकलण्याची राखण मिळते आणि राखणीची मजुरी म्हणून गरम चिकाची वाटी किंवा पापडाची लाटी मिळते. अशा सामुदायिक कामातून उद्योगही उभा राहू शकतो. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईतील गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर पापड करण्यास आरंभ केला. त्यातूनच ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ ही संस्था वाढीस लागली.

दाण्याची राखण

वर्षाचे धान्य एकदम भरणाऱ्या कुटुंबाचे सर्वांत मोठे धन कणगीत असते. बांबूची विणलेली व शेणमातीने लिंपलेली कणगी, भिंतीतले किंवा जमिनीखालचे बळद आणि पेव ही साठवणीची जुनी साधने होत. आज बहुतेक ठिकाणी पत्र्याच्या कोठ्या आल्या आहेत. साधन कोणतेही असो, खरा प्रश्न ओलाव्याचा असतो. धान्यातील ओलावा शेकडा १० ते १२ च्या आत आल्याखेरीज ते भरू नये. घरगुती कसोटी अशी की, दाणा दातांखाली ‘कट्’ असा आवाज करून फुटला पाहिजे. तो चेपला गेला तर आणखी एक ऊन द्यावे. उन्हातून आणलेले धान्य रात्रभर निवू द्यावे. कोठी भिंतीपासून दूर, लाकडी फळीवर ठेवावी आणि जुने धान्य आधी संपवावे.

कडधान्ये व डाळी यांना लागणारा भुंगा दाण्याच्या पृष्ठभागावर अंडी घालतो. एक किलो डाळीस चहाचा एक चमचा या प्रमाणात एरंडेल किंवा गोडे तेल चोळले, तर ही अंडी उबत नाहीत. आजीच्या हातची ही रीत शास्त्राच्या कसोटीलाही उतरली आहे. सावलीत वाळविलेला कडुनिंबाचा पाला धान्यात घालण्याची प्रथाही उपयोगी आहे. मात्र पाला ओला असल्यास फायद्याऐवजी नुकसान होते.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. काटकसरीच्या नावाखाली बुरशी लागलेले धान्य ‘धुऊन, वाळवून’ खाण्याची सवय घातक आहे. १९७४ साली राजस्थान व गुजरातमधील आदिवासी गावांत पावसाने भिजून बुरशी धरलेला मका खाण्यात आला आणि यकृताच्या विकाराने शंभरावर माणसे दगावली. बुरशीतून निर्माण होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष शिजविल्याने पुरते नष्ट होत नाही. मका आणि शेंगदाणा यांबाबत विशेष दक्षता घ्यावी. काळा पडलेला, कडवट लागणारा शेंगदाणा माणसाने खाऊ नये व दुभत्या जनावरालाही घालू नये; कारण विषाचा अंश दुधात उतरतो. जेथे जीव धोक्यात येतो तेथे बचत उरत नाही.

जुन्याची ऊब

गोधडी ही गरिबीची खूण आहे असा एक समज मध्यंतरी रूढ झाला होता. प्रत्यक्षात ती वस्त्राच्या पुरेपूर उपयोगाची खूण आहे. नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर लांब असते. त्याच्या चार घड्या घातल्या की दोन मीटर लांबीचे चार पदर सहज मिळतात. म्हणजे एका माणसाच्या अंथरुणाचा माप आपोआपच साधतो. मध्ये जुनी धोतरे, मुलांचे आखूड झालेले कपडे यांचे तुकडे सपाट मांडावयाचे, वरखाली चांगल्या भागाचे कापड घ्यावयाचे आणि कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत जावयाचे. टाके जवळजवळ पडले की आतील तुकडे गोळा होत नाहीत व गोधडी धुण्यास टिकते. कापडाच्या थरांमध्ये अडकलेली हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, हेच तिच्या उबेचे कारण होय. मराठवाड्यात तिला वाकळ म्हणतात, तर कानडी मुलखाच्या सीमेवर कौदी.

कापडाची निवड मात्र विचारपूर्वक करावी. कृत्रिम धाग्याच्या साड्या घाम शोषत नाहीत आणि ठिणगी पडल्यास वितळून अंगाला चिकटतात. चुलीजवळ निजणाऱ्या घरात, तसेच तान्ह्या मुलाच्या दुपट्यासाठी, सुती कापडच वापरावे. वर्षातून दोनदा गोधड्या धुऊन कडक उन्हात वाळविण्याची पद्धत आरोग्यदायी आहे. शाळेतील कार्यानुभवाच्या तासाला लहान आसनाएवढी गोधडी शिवून घेतल्यास मुलामुलींना क्षेत्रफळ, नक्षीची मांडणी आणि हातशिलाई असे तीन पाठ एकाच वेळी मिळतात.

मोरीचे पाणी, परसातील भाजी

१५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनमध्ये दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरलेले आहे. पाच माणसांच्या घराला याप्रमाणे २७५ लिटर पाणी मिळाले, तर त्यातील बराच मोठा भाग सांडपाणी म्हणून घराबाहेर पडणार हे उघड आहे. ते गल्लीत साचले तर चिखल व डास. परसात वळविले तर केळी, अळू, पपई आणि शेवगा. नळ आला की पाणी कोठे जाणार, हा प्रश्न ग्रामपंचायतीने त्याच दिवशी विचारात घ्यावयास हवा.

मोरीच्या तोंडाशी खडी व वाळू भरलेला लहान खड्डा केला म्हणजे खरकटे व केर तेथेच अडतो. साबणाचे पाणी केळी व कर्दळीला द्यावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर, मुळा अशा भाज्यांना ते देऊ नये. कुंपणावर दोडका, घोसाळे, वाल. वाफ्यात पाळीपाळीने मेथी, चुका, पालक. कोपऱ्यात शेवगा, कढीपत्ता आणि लिंबू, एवढी योजना दोन गुंठ्यांहूनही कमी जागेत बसते. वाफे एकाच दिवशी न पेरता आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरावेत, म्हणजे भाजी एकदम न येता सतत मिळत राहते. बियाणे घरचेच धरावे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांचे बियाणे जतन करून परसबागेचा प्रसार केला व त्यांना २०२० सालचा पद्मश्री किताब जाहीर झाला. बी राखेत घोळून मडक्यात जपण्याच्या घरगुती कौशल्याचे सार्वजनिक मोल केवढे आहे, हे यावरून लक्षात येते.

श्रमाचा हिशेब

येथवर सांगितलेल्या चारही कामांत एक खर्च आपण अद्याप धरलेला नाही, तो म्हणजे गृहिणीच्या श्रमाचा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ मधील काल-वापर पाहणीनुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या. अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे देत होते. शिवाय अशी कामे करणाऱ्या पुरुषांची संख्याही स्त्रियांच्या मानाने फारच थोडी होती. घराची बचत जर एकाच व्यक्तीची झोप व विश्रांती कापून होत असेल, तर ती बचत नसून उधारी आहे.

जात्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हे धन अमोल आहे. तथापि पिठाची गिरणी आल्यावर पहाटेचे दळण पुन्हा सुरू करावे, असे कोणतीही सासुरवाशीण म्हणणार नाही. ओवी जपावी आणि जाते सोडावे, हाच विवेक इतर कामांनाही लागू आहे. गहू वाटण्यास यंत्र, शेवयांना यंत्र, वाळविण्यास सामुदायिक सौरवाळवणी यांचा अवलंब करण्यात परंपरेचा कोणताही अवमान नाही. त्याचप्रमाणे कोठी उन्हात घालणे, वाफे खणणे, गोधड्या पिळणे ही जड कामे घरातील पुरुषांनी अंगावर घ्यावीत.

गावपातळीवर काय करता येईल

ग्रामपंचायतीला यासाठी फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही. उन्हाळ्यात शाळेची गच्ची किंवा समाजमंदिराचे स्वच्छ आवार वाळवणासाठी ठरावाने उपलब्ध करून द्यावे. नवीन नळजोडणीबरोबर शोषखड्डा किंवा परसबाग यांची पाहणी करावी. पावसाळ्यापूर्वी एका ग्रामसभेत धान्याच्या ओलाव्याची व बुरशीची माहिती द्यावी. २०११ साली सुरू झालेल्या ‘उमेद’ अभियानातील बचतगटांकडे सामायिक शेवई यंत्र व बियाणे संग्रह सोपविता येईल. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून घरातील वर्षाच्या वाळवणाची, धान्याची व भाजीची साधी नोंद करून घ्यावी आणि त्याची बाजारभावाने किंमत काढावयास सांगावी. त्याच कागदावर ‘हे काम कोणी केले व किती वेळ लागला’ असा एक रकानाही असावा.

या रकान्यामुळे मुलांना आईच्या दिवसाची लांबी कळेल आणि वडीलधाऱ्यांना घरातील न दिसणारी मिळकत दिसू लागेल. ज्या घरात काम वाटून घेतले जाते, त्या घरात श्रावणातील संततधारेत तळलेल्या कुरडईचा आनंद सर्वांना सारखाच मिळतो. काटकसरीचे खरे यश मोजावयाचे झाले तर ते याच मापाने मोजावे.