जुन्या जीपचे इंजिन आणि चमचाभर तेल

मंडळी, जीपगाडी आपण सर्वांनी पाहिली आहे. ही गाडी मूळची अमेरिकेतली. दुसऱ्या महायुद्धात, 1941 ते 1945 या काळात, तिथल्या कारखान्यांनी सैन्यासाठी लाखो जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या काही आपल्या देशात विकल्या गेल्या. त्यांतली एखादी अजूनही रस्त्यावर दिसते.

अशीच एक जीप आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे आहे. त्याच्या वडिलांनी घेतलेली. ती घाट चढताना दम खाऊ लागली. उभी असली तरी इंजिन थरथरे. पेट्रोलही जास्त लागे. एका कारागिराने नुसता आवाज ऐकला आणि सांगितले, "इंजिन गेलं. सगळं खोलावं लागेल. नाहीतर भंगारात द्या."

खर्चाचा आकडा ऐकून शेतकरी गप्प झाला. वडिलांची गाडी भंगारात घालायला मन होईना. आम्ही म्हणालो, "थांबा. आधी तपासू. मग ठरवू."

तपासायचे म्हणजे काय? त्यासाठी इंजिनाचे काम समजले पाहिजे.

सायकलचा पंप डोळ्यांपुढे आणा. नळीत दट्ट्या असतो. दट्ट्याला वॉशर असतो. दट्ट्या दाबला की हवा दाबली जाते. जीपच्या इंजिनात अशा चार नळ्या आहेत. त्यांना सिलिंडर म्हणतात. आतल्या दट्ट्याला पिस्टन म्हणतात. पिस्टनला वॉशरच्या जागी लोखंडी रिंगा असतात. प्रत्येक सिलिंडरला दोन झडपा असतात. त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. एक व्हॉल्व्ह पेट्रोल आणि हवा आत घेतो. दुसरा जळका धूर बाहेर सोडतो.

पिस्टन हवा दाबतो, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह घट्ट बंद हवेत. मग प्लगची ठिणगी पडते आणि जोर मिळतो. दाब कुठून निसटला, तर जोर कमी होतो. दाब निसटण्याच्या मुख्य वाटा दोन. एक, झिजलेल्या रिंगा. दुसरी, नीट न बसणारा व्हॉल्व्ह.

आम्ही इंजिन गरम करून बंद केले. चारही प्लग काढले. ठिणगी पडू नये म्हणून तिची तार सोडवली. प्लगच्या भोकात दाब मोजायचे घड्याळ लावले. एकाने पेट्रोलचा पायटा पूर्ण दाबून धरला आणि स्टार्टर फिरवला. शेतकऱ्याने आकडे स्वतः वहीत लिहिले. तो नुकताच लिहायला शिकला होता. अक्षर वाकडे होते, पण आकडे बरोबर होते:

पहिले सिलिंडर – 100
दुसरे – 98
तिसरे – 55
चौथे – 100

तीन धडधाकट, एक आजारी! आता त्या तिसऱ्यात दाब कुठून निसटतो?

इथे चमचाभर तेल कामाला येते. सायकलच्या पंपाचा वॉशर सुकला की आपण तेलाचे दोन थेंब सोडतो. पंप पुन्हा हवा धरतो. तसेच इथे. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिनतेल सोडायचे आणि पुन्हा मोजायचे. आकडा पुष्कळ वाढला, तर रिंगा झिजल्या आहेत. आकडा तिथेच राहिला, तर दोष बहुधा व्हॉल्व्हचा.

तेल सोडून मोजले. आकडा आला 57. म्हणजे रिंगा ठीक होत्या.

मग वरचे झाकण, म्हणजे हेड, खोलले. धूर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची कड एका बाजूने जळली होती. का जळली? शेतकऱ्याला आठवले, "मागं टकटक आवाज येत होता. तो मी बंद करून घेतला होता."

तेच कारण! व्हॉल्व्ह आणि त्याला उचलणारा टॅपेट यांच्यात थोडी फट लागते. या इंजिनाला किती? एका इंचाचे हजार भाग करा. त्यांतले 14 भाग. आवाज घालवण्यासाठी कुणीतरी फट फारच कमी केली होती. व्हॉल्व्ह तापला की लांबतो. फट नसली तर तो पूर्ण बसत नाही. जाळ त्याच्या कडेने निसटतो आणि कड खातो. बारीक टकटक हा रोग नव्हता. तो घालवण्याचा उपाय मात्र महागात पडला.

नवा व्हॉल्व्ह आणला. त्याला पेस्ट लावून बैठकीवर घासला. बैठकीवर सारखी करडी रेघ उमटली. मग सगळी पेस्ट पुसून काढली, कारण आत राहिली तर ती रिंगा खाते. वरून रॉकेल ओतले. ते खाली झिरपले नाही. मग आठही व्हॉल्व्हची फट मोजून लावली. नवे गॅस्केट घातले. हेडचे नट मधून कडेकडे, थोडे थोडे आवळले. तिसऱ्या सिलिंडरचा आकडा आला 98.

शेतकरी हसून म्हणाला, "आता जोर आणखी वाढवता येईल का हो?"

येतो. त्या कंपनीनेच तसे केले होते. 1953 साली निघालेल्या जीपमध्ये हवा आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला. इंजिनाचा श्वास मोठा झाला. पूर्वीची 60 अश्वशक्ती सत्तरच्या पुढे गेली. इंजिन उंच झाले, म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. उंच बॉनेटची ती जीप आपल्या देशातही पुष्कळ वर्षे बनत होती.

पण आम्ही त्याला म्हणालो, "आधी रेडिएटर धुवा. हवेचा फिल्टर साफ ठेवा. फट मोजत जा आणि वहीत लिहा. गेलेला जोर परत आणणे, हीच पहिली सुधारणा."

ती वही आता जीपमध्येच असते. पुढच्या वेळी कुणी म्हणाले "इंजिन गेलं", तर तो वही उघडून विचारील, "कोणतं सिलिंडर? आकडा किती?"

सांगा पाहू:
1. तेल सोडल्यावर दाब वाढला, तर दोष कशात?
2. टॅपेटची फट फार कमी केली, तर काय होते?
3. तुमच्या घरी कोणते यंत्र आहे? त्याचे कोणते आकडे तुम्ही वहीत लिहाल?