पिसाची माशी नदीपार जाते कशी?

एक सोपा प्रयोग करा. कबुतराचे एखादे लहान पीस घ्या आणि सारा जोर लावून ते समोर फेका. काय होते? हात-दोन हात जाऊन पीस थबकते आणि गिरक्या घेत खाली येते. आता तेवढ्याच जोराने एक खडा फेका. तो सहज वीस-पंचवीस मीटर जातो.

हात तोच, जोरही तोच. मग फरक कशाने पडला? गतिज ऊर्जा वस्तुमानावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, हे तुम्ही शिकला आहातच. पिसाचे वस्तुमान अगदी कमी, त्यामुळे हातातून सुटताना त्याला मिळणारी ऊर्जाही नाममात्र असते. उलट त्याचा पसारा मोठा, म्हणून हवेचा विरोध भरपूर. ती चिमूटभर ऊर्जा हवा क्षणात गिळून टाकते.

असे असूनही स्कॉटलंडमधील स्पे आणि टे, नॉर्वेमधील आल्ता, कॅनडातील मिरामिशी अशा उत्तरेकडील थंड नद्यांवर गळ टाकणारे लोक पिसांची एक हलकी ‘माशी’ वीस-पंचवीस मीटर दूर, हव्या त्या जागी अलगद उतरवतात. ही माशी म्हणजे गळाच्या आकड्यावर रंगीत पिसे, केस आणि रेशमी धागे बांधून केलेले सोंग. ते असते सॅमन माशासाठी.

हा सॅमन मोठा विलक्षण मासा आहे. (आपल्याकडील रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सॅमन’ म्हणतात खरे, पण तो वेगळ्याच कुळातला.) अटलांटिक सॅमन नदीच्या तळच्या वाळू-गोट्यांत जन्मतो, पुढे समुद्रात जाऊन वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा बहुधा आपल्या जन्माच्याच नदीत परततो. तिथल्या पाण्याचा वास त्याला ती नदी ओळखायला मदत करतो. गंमत म्हणजे नदीत शिरल्यावर तो अन्न घेणे जवळजवळ बंद करतो. मग खरेखुरे खाद्य लावून तरी काय उपयोग? पण डोळ्यांसमोरून एखादी चमकदार वस्तू सळकन गेली की तो कधी कधी तिच्यावर झडप घालतो. म्हणून ही पिसांची माशी!

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नेहमीच्या गळाला शिशाचे वजन बांधतात. ते वजन पुढे जाते आणि हलकी दोरी आपल्यामागे ओढून नेते. इथे नेमके उलटे असते. माशी फेकायचीच नाही, फेकायची ती दोरी! म्हणून ही दोरी मुद्दाम जाड आणि वजनदार करतात. पूर्वी ती तेल पाजलेल्या रेशमाची असे, आता धाग्यावर प्लॅस्टिकचा थर चढवतात. तिच्या वजनाप्रमाणे तिला क्रमांक असतो. ८ क्रमांकाच्या दोरीचे पहिले ९.१ मीटर साधारण १३.६ ग्रॅम भरतात, म्हणजे दर मीटरला सुमारे दीड ग्रॅम. दोरीच्या टोकाला नायलॉनचा बारीक धागा आणि त्याच्या टोकाला माशी.

गळ टाकणारा दोरी मागे उडवतो, ती मागे सरळ होताच काठी वेगाने पुढे आणतो आणि एकदम थांबवतो. काठी इथे दोन कामे करते. ती तरफ आहे. हात थोडासा हलला की तिचा शेंडा मोठे अंतर झपाट्याने तोडतो. शिवाय ती कमानीसारखी वाकते, ऊर्जा साठवते आणि सरळ होताना ती दोरीला देते.

काठी थांबली तरी दोरी थांबत नाही. दोरीचा शेंड्याजवळचा भाग शेंड्याबरोबर थबकतो, उरलेला भाग त्याच्या वरून पुढे धावतो. मध्ये आडव्या पडलेल्या ‘यू’ अक्षरासारखा वेढा तयार होतो. खालची बाजू स्थिर, वरची बाजू धावती. वेढा जसजसा पुढे सरकतो तसतशी धावणारी बाजू आखूड होत जाते. सारी जादू इथेच आहे.

एक हिशेब करू. समजा, सुरुवातीला १२ मीटर दोरी, म्हणजे १८ ग्रॅम, सेकंदाला २० मीटर वेगाने धावत आहे. तिची गतिज ऊर्जा ३.६ ज्यूल होईल. थोड्या वेळाने फक्त ३ मीटर दोरी, म्हणजे ४.५ ग्रॅम, धावती राहिली. हवेचा विरोध क्षणभर विसरा. सारी ऊर्जा आता या चौथाई वस्तुमानात एकवटली. मग वेग दुप्पट व्हायला हवा, म्हणजे सेकंदाला ४० मीटर! ताशी १४४ किलोमीटर. एखाद्या वेगवान गोलंदाजाच्या चेंडूइतका.

तुमच्यापैकी कोणी चतुर विद्यार्थी विचारील, “सर, संवेग तर निम्मा झाला. तो कुठे गेला?” प्रश्न अगदी रास्त आहे. दोरी एकटी नाही, ती काठीला बांधलेली आहे. धावणारा भाग स्थिर भागाला ताणतो, तो काठीच्या शेंड्याला पुढे ओढतो आणि तो ओढा काठीमार्फत हाताला जाणवतो. संवेग त्या वाटेने निघून जातो.

प्रत्यक्षात हवेचा विरोध असतोच, त्यामुळे वेग इतका वाढत नाही. पण हवा जी ऊर्जा घेते तिची भरपाई होत राहते आणि दोरी शेवटपर्यंत जोर धरून असते. म्हणूनच ती टोकाकडे निमुळती करतात. पोतराजाच्या आसुडाचे तत्त्व हेच. त्याच्या टोकाचा वेग ध्वनीच्या वेगापलीकडे जातो, म्हणून तो कडाडतो. इथे मात्र कडकडाट नको. पाण्यावर पीस पडावे तशी माशी पडली पाहिजे.

स्पे नदीच्या काठी आणखी एक अडचण असते. पाठीमागे झाडे आणि उंच दरड. दोरी मागे उडवायची कुठे? तिथल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात यावर तोड काढली. दोन्ही हातांनी धरायची चार-साडेचार मीटर लांब काठी घेऊन ते दोरीचा वेढा फक्त आपल्या बाजूला घेतात आणि तिचे टोक पाण्याला टेकू देतात. पाणी ते टोक क्षणभर धरून ठेवते, त्यामुळे काठीला वाकायला आधार मिळतो.

परंतु ही कला आज एका पेचात सापडली आहे. २००६ ते २०२० या काळात जगातील अटलांटिक सॅमन २३ टक्क्यांनी घटले, असे आय. यू. सी. एन. या निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२३ मध्ये जाहीर केले. जून २०२४ मध्ये तर नॉर्वेने ऐन हंगामात ३३ नद्यांवरील सॅमनची मासेमारी थांबवली. अनेक ठिकाणी आता पकडलेला मासा लगेच पाण्यात सोडून देतात.

पण सोडलेला मासा जगतोच असे नाही. याचेही कारण भौतिकशास्त्रात आहे. पाणी तापले की त्यात विरघळणारा ऑक्सिजन कमी होतो. १० अंश सेल्सियसला एका लिटरमध्ये सुमारे ११.३ मिलिग्रॅम, २० अंशांना फक्त ९.१ मिलिग्रॅम. त्याच वेळी माशाच्या शरीराची ऑक्सिजनची गरज मात्र वाढते. गळाशी झुंजून धापा टाकणारा मासा अशा पाण्यात सोडला, तर त्याचा दम परत येणे कठीण. म्हणून मिरामिशीवर पाण्याचे तापमान रात्रीही २० अंशांखाली उतरेनासे झाले, की मासे विसावतात ते थंड डोह गळासाठी बंद करतात. दोरी उत्तम फेकता येणे ही निम्मी विद्या. तापमापक पाहून ती गुंडाळून ठेवणे ही उरलेली निम्मी.

करून पाहा : मोकळ्या मैदानात पाच मीटर जाड सुती दोरी घ्या. तिच्या टोकाला हातभर दोरा आणि त्याला कापसाचा छोटा बोळा बांधा. (आकडा किंवा खडा मुळीच बांधू नका, आणि जवळपास कोणी उभे नाही याची खात्री करा.) दुसरे टोक काठीला बांधून दोरी मागे उडवा, मग पुढे झटका द्या आणि काठी एकदम थांबवा. बोळा किती दूर गेला ते मोजा. मग तोच बोळा नुसत्या हाताने फेकून मोजा. शेवटी झटका दिल्यावर काठी न थांबवता खालपर्यंत नेऊन पाहा. वेढा बनतो का? नसेल, तर का बनत नाही, याचे उत्तर तुमच्या वहीत लिहा.