अनेक हातांची कादंबरी

मुलांनो, मोरोपंत हे प्रसिद्ध मराठी कवी बारामतीला राहत असत. इ. स. १७९४ मध्ये ते तेथेच वारले. त्या काळी त्यांच्या कविता छापल्या जात नव्हत्या. बारामतीची पोथी इंदापूरला हवी असली, तर कोणाला तरी बसून तिची नक्कल करावी लागे.

जपानमध्ये मात्र तेव्हा सचित्र कादंबऱ्या छापल्या जात. त्या कशा छापत, ठाऊक आहे?

लेखक मजकूर लिही. चित्रकार चित्र काढी. मग कातिब सुंदर अक्षरात पातळ कागदावर मजकूर उतरवी. तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर पालथा चिकटवत. त्यामुळे अक्षरे आरशातल्यासारखी उलटी दिसत. कारागीर रेषा तेवढ्या ठेवून बाकीचे लाकूड कोरून काढी. शेवटी फळीला शाई लावून तिच्यावर कागद ठेवत व तो हाताने घासत. चित्र आणि मजकूर एकाच फळीवर असत. ही पुस्तके तुमच्या उर्दू पुस्तकांसारखीच उजवीकडून उघडत.

बाकिन हा तेथील मोठा कादंबरीकार. आठ वीरांची गोष्ट सांगणारी त्याची कादंबरी १८१४ पासून १८४२ पर्यंत भागाभागाने छापली गेली. तिचे १०६ भाग झाले. चित्र कसे हवे, याचा कच्चा आराखडा तो स्वतः चित्रकाराला काढून देई.

पण कादंबरी पुरी होण्याआधीच बाकिन आंधळा झाला. त्याचा मुलगाही वारला होता. आता पुढे कोण लिहिणार? मुलाची विधवा पत्नी मिची पुढे आली. तिला कठीण जपानी अक्षरे येत नव्हती. सासरा एकेक अक्षर तोंडी समजावून सांगे आणि सून ते लिही. दोघेही थकत, पण काम सोडत नसत. अशा रीतीने ती प्रचंड कादंबरी पूर्ण झाली.

मुलांनो, पुस्तकावर नाव एकाचे असते. पण त्यामागे अनेक हात राबतात. तुम्हीही आज एक नवी लिपी शिकत आहात. अक्षर चुकले, तर मिचीला आठवा आणि पुन्हा लिहा.

शब्दार्थ
नक्कल – पाहून लिहिलेली प्रत
पालथा – उलटा
आराखडा – कच्चे चित्र
राबणे – कष्ट करणे

स्वाध्याय
१. फळीवर अक्षरे उलटी का दिसत?
२. मिचीने सासऱ्याला कशी मदत केली?
३. ‘पुस्तकामागे अनेक हात राबतात’, हे पाठाच्या आधारे सांगा.