जखमी धामणीसाठी अल्पखर्चाचा तात्पुरता निवारा

पीक कापणीस आले म्हणजे शेतातील उंदीर बांधाच्या आश्रयास जातात आणि त्यांच्या मागोमाग धामणही तेथे येते. भाजीपाल्याच्या वाफ्यांभोवती ताणलेल्या नायलॉनच्या जाळ्यात ती अशा वेळी अडकते, किंवा कोळप्याच्या पासेखाली अथवा ट्रॅक्टरच्या फाळाखाली सापडून जखमी होते. धामण बिनविषारी आहे व तिचे मुख्य भक्ष्य उंदीर आहे. ती म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, तिच्या शेपटीत विष असते, या समजुतींना काहीही आधार नाही. तथापि या समजुतींपायीच जखमी धामण काठीखाली प्राण गमावते, आणि धान्याचा एक राखणदार कमी होतो.

सर्पमित्र किंवा वनरक्षक दूरच्या गावाहून येईपर्यंत कित्येकदा रात्र उलटते. तेवढ्या अवधीपुरता निवारा घरच्याच वस्तूंतून कसा करावा, हे येथे सांगावयाचे आहे.

प्रथम ओळख पटविणे अत्यावश्यक आहे. धामणीचा डोळा मोठा असतो, ओठांवरील खवल्यांच्या कडांवर काळ्या उभ्या रेघा असतात, आणि अंगाच्या मागील भागावर काळसर आडवी नक्षी दिसते. ती फणा काढीत नाही. परंतु नागही प्रत्येक वेळी फणा काढतोच असे नाही. म्हणून फणा दिसला नाही एवढ्यावरून तिला धामण समजू नये. किंचितही शंका असल्यास, अथवा साप नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे असल्यास, त्यास हलविण्याच्या भरीस मुळीच पडू नये. मुलाबाळांस व कुत्र्यांस दूर ठेवावे, एका जाणत्या माणसाने सुरक्षित अंतरावरून नजर ठेवावी आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. निपचित पडलेला साप मेलेलाच असतो असे नाही. सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून रुग्णालय गाठावे.

ओळख निश्चित झाल्यावर साधारण ५० लिटरचे, घट्ट झाकणाचे प्लॅस्टिकचे पिंप घ्यावे. कीटकनाशकाचे रिकामे पिंप कितीही धुतलेले असले तरी ते घेऊ नये. तापविलेल्या खिळ्याने झाकणास व वरच्या बाजूस ३०-४० छिद्रे पाडावीत. ही छिद्रे आतून बाहेर पाडावीत, म्हणजे खरबरीत कड बाहेर राहते आणि जखमेस लागत नाही. लोखंडी जाळीचे झाकण सोईचे वाटते खरे, पण बाहेर पडण्याच्या धडपडीत साप तोंड घासून आणखी जखमी होतो. हे सर्व काम साप आत येण्यापूर्वी पुरे करावे.

पिंप आडवे ठेवून दोन्ही बाजूंस विटांची उटी लावावी. तळाशी वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या पसराव्यात आणि काही कागद चुरगाळून आत ठेवावेत. त्यांच्या आड लपावयास मिळाले म्हणजे साप शांत होतो. भुसा व माती घालू नये, कारण ती जखमेत शिरते. नंतर पिंपाचे तोंड सापाच्या डोक्याच्या दिशेस करून लांब दांड्याच्या झाडूने मागून हलकेच सरकवावे. अंधारी जागा समोर दिसली की बहुधा तो आपण होऊन आत जातो. हाताने धरू नये. धामणीस विष नसले तरी तिचा चावा जोराचा असतो. चावल्यास जखम साबणाने धुऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावी. साप आत गेल्यावर बाजूस उभे राहून झाकण लावावे व दोरीने बांधावे.

साप जाळ्यात गुरफटलेला असल्यास अंगात रुतलेले धागे ओढू अथवा कापू नयेत. ते पशुवैद्यकाचे काम आहे. सापापासून हातभर अंतरावर जाळे कापून गुंडाळ्यासह साप आत घ्यावा. जाळ्याचे मोल चार पैशांचे, त्यासाठी घाई नको.

निवाऱ्याची जागा ही सर्वांत महत्त्वाची बाब होय. साप आपल्या शरीराची उष्णता स्वतः निर्माण करीत नाही. बंद पिंप उन्हात राहिले तर थोड्याच वेळात साप आत भाजून मरतो. आपण वाचविलेल्या सापाचा अशा तऱ्हेने आपल्याच हातून मृत्यू होणे हे फार शोचनीय आहे. म्हणून पिंप सावलीत, हवेशीर, शांत खोलीत ठेवावे; चूल, धूर व गुरांचा गोठा यांपासून ते दूर असावे. थंडीच्या रात्री पिंपाच्या एका टोकास बाहेरून पोते पांघरावे, परंतु छिद्रे झाकू नयेत.

दूध पाजू नये. उंदीर, बेडूक वा अंडेही देऊ नये. जखमी साप खात नाही आणि खाल्लेले ओकून टाकतो. एका रात्रीपुरते पाणी ठेवण्याचीही गरज नसते, कारण ते सांडून कागद भिजतो व साप गारठतो. जखमेवर हळद, तंबाखू किंवा रॉकेल लावणे अपायकारक आहे. दर घटकेस झाकण उघडून पाहुण्यांस दाखविण्याचा मोहही आवरावा.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये धामणीस संरक्षण आहे. ताब्यात आलेल्या वन्यप्राण्याची वर्दी ४८ तासांच्या आत वनाधिकाऱ्यास वा पोलीस ठाण्यास देणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात ती पिंपाचे झाकण बांधताच द्यावी. साप कोणत्या शेतात, किती वाजता, कशाने जखमी झाला, हे चिठ्ठीवर लिहून ती पिंपास बांधावी. बरा झाल्यावर त्यास त्याच परिसरात सोडण्यासाठी ही माहिती उपयोगी पडते. साप नेल्यानंतर कागद जाळून टाकावे, हात साबणाने धुवावेत आणि ते पिंप पुन्हा पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नये.