वॉटर लिलीची पानं पिवळी पडली? आधी पान बघा, मग खत

हौद मंचरला अंगणात असो नाहीतर ओतूरला परसात, वॉटर लिलीची पानं रंग बदलू लागली की हात आधी खताच्या पिशवीकडे जातो. तो जरा आवरा. पिवळं झालेलं पान जुनं आहे की नवं, एवढं ओळखलं की निम्मं काम झालं. चला, बाह्या वर करा आणि सकाळी नऊच्या उजेडात हौदाशी या.

जवळ ठेवा: धारदार कात्री, लाल लोकरीचा धागा, व्हिनेगर, जुनं वर्तमानपत्र, १०:२६:२६ खत, चिलेटेड लोह, पसरट घमेलं, बारीक खडी आणि दोन-तीन विटा.

पान वाचा

१. पानाची कड बोटाने चाचपा. गुळगुळीत लागली तर तुमची लिली हार्डी, म्हणजे थंडी सोसणारी. कड दातेरी असेल तर वाण उष्ण हवामानातला आहे. त्याची पानं अशीच तपासा, पण खालची कंद लावायची रीत त्याला वापरू नका.

२. मधोमध निघालेलं सर्वांत नवं पान शोधा. ते तांबूस किंवा जांभळट दिसलं तर घाबरू नका. अनेक वाणांची पानं तशीच निघतात आणि पुढे हिरवी होतात. या रंगाला औषध नको.

३. त्याच पानाच्या देठाला लोकर सैल बांधा आणि तारीख कॅलेंडरवर लिहा. पान साधारण तीन ते सहा आठवडे टिकतं. पंधरवड्यातच पिवळं पडलं तर काहीतरी बिनसलंय. गाठ आवळू नका, देठ कापला जातो.

४. कडेची पिवळी पानं मोजा. दहा-बारांत एक-दोन असतील तर ती वयाने पिकलेली आहेत. चार-पाच असतील तर पुढच्या पायऱ्या नीट करा. डिसेंबर-जानेवारीत मात्र वाढ मंदावते आणि पानं कमी होतात, तेव्हा घाई करू नका.

५. पिवळं पान देठाच्या बुडाशी कापा. ओढून काढू नका, कोंब उखडतो. कापलेलं पान पाण्यात सोडू नका, कुजून पाणी नासतं.

कारण शोधा

६. मातीत बोटं घालून कंद दाबा. टणक लागला तर उत्तम. मऊ लागून घाण वास आला तर ती कूज आहे. ते रोप मातीसकट हौदाबाहेर काढून टाका. ती माती दुसऱ्या कुंडीत अजिबात वापरू नका.

७. पान उलटून मागची बाजू पाहा. मावा दिसला तर पाण्याच्या धारेने धुऊन काढा. कीटकनाशक मारू नका, हौदातले गप्पी मासे मरतील.

८. बांधापलीकडे नुकतीच फवारणी झाली का, विचारा. तणनाशकाचे तुषार वाऱ्याने आले असतील तर पानं वेडीवाकडी होऊन पिवळी पडतात. अशा वेळी हौदातलं निम्मं पाणी बदला. पुढच्या फवारणीआधी हौदावर कापड टाका, पण काम संपताच काढा.

९. नव्या पानाच्या शिरा पाहा. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी असेल तर लोह कमी पडतंय. नारायणगावच्या द्राक्ष बागायतदारांना ही खूण लगेच कळेल. बोअरच्या जड पाण्याने हौदाच्या कडेला पांढरा पट्टा धरला असेल तर शंका आणखी पक्की.

१०. कुंडीतली चमचाभर माती वाळवून तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसली तर मातीत चुनखडी आहे आणि तिथलं लोह मुळांना मिळत नाही. ओल्या मातीवर ही चाचणी नीट कळत नाही.

उपाय करा

११. शिरा हिरव्या असतील तर पाव चमचा चिलेटेड लोह कागदात गुंडाळून मुळांजवळ खुपसा. कृषी सेवा केंद्रात चुनखडीच्या जमिनीसाठी चालणारं लोह मागा. हिराकस हौदात टाकू नका, माशांना अपाय होतो.

१२. जुनी पानं फिकी आणि फुलं बारीक असतील तर रोप उपाशी आहे. चमचाभर १०:२६:२६ कागदात बांधून, कंदापासून दूर, वीतभर खोल पुरा. दाणे पाण्यात सांडले तर शेवाळ माजेल.

१३. पानं दाटीने पाण्याबाहेर उभी राहिली असतील तर कंदाला जागा उरलेली नाही. तो नव्याने लावायला कुंडी बाहेर काढा. शिवरात्रीची भीमाशंकरची यात्रा उरकली, थंडी ओसरली की हे काम करा. भर थंडीत कंद हलवू नका.

१४. कोंब असलेला वीतभर कंद कापून घ्या. जुना, काळपट भाग ठेवू नका.

१५. घमेल्यात काळी आणि लाल माती निम्मी निम्मी भरा. लाल माती आंबेगावच्या पश्चिमेकडची, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची मिळाली तर छान. शेणखत घालू नका, पाण्यात कुजून बुडबुडे येतात.

१६. कंद घमेल्याच्या कडेला टेकवून आडवा ठेवा. कोंबाचं तोंड मधल्या बाजूला आणि मातीच्या वर राहू द्या. कोंब गाडला तर कुजतो.

१७. मातीवर बोटभर खडी पसरा. कोंबावर एकही खडा नको.

१८. घमेलं विटांवर ठेवून हौदात अलगद सोडा. कोंबावर १० ते १५ सेंटिमीटर पाणी राहू द्या. पानं तरंगू लागली की एकेक वीट काढा. एकदम खोल सोडलं तर नवी पानं वर यायला धडपडतात.

१९. हौद पावसाच्या साठवलेल्या पाण्याने भरा. पाटाचं पाणी मिळालं तरी चालेल. नळाचं असेल तर एक दिवस बादलीत उघडं ठेवून मगच ओता.

२०. पुढच्या नव्या पानाला पुन्हा लोकर बांधा. पिवळं झालेलं जुनं पान हिरवं होत नाही, त्याची वाट पाहू नका. उपाय लागू पडला की नाही, हे नवं पानच सांगेल. तांबूस सुरळी वर आली, उलगडली, हिरवी झाली आणि पंधरवडा उलटूनही लोकर बांधलेलं पान हिरवंच दिसलं, की समजा जमलं. आता लोकर सोडा आणि कळी येते का पाहा!