संगणकाची स्मृती : पत्ता, कपाट आणि कप्पा



आपल्या समाजातील पुष्कळ मुले-मुली संगणक व इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेत आहेत. अनेकांच्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी. अडले तर विचारायला कोणी नाही, पुस्तक इंग्रजीत. मग मेमरीचे प्रकरण पाठ करून परीक्षेस बसावे लागते. प्रश्नातील आकडे बदलले की पाठांतर उपयोगी पडत नाही. म्हणून हा धडा समजून घ्यावा.

१) पत्ता : स्मृतीचा सर्वांत लहान घटक म्हणजे बिट. त्याची किंमत ० किंवा १. आठ बिटांचा एक बाइट होतो. बाइट ठेवण्याच्या प्रत्येक जागेस क्रमांक असतो, तोच तिचा पत्ता. पत्ता तारांवरून जातो. १ तारेने २ पत्ते, २ तारांनी ४, तर १० तारांनी १०२४ पत्ते होतात. १०२४ बाइट म्हणजे १ किलोबाइट. ८०८५ या मायक्रोप्रोसेसरला पत्त्याच्या १६ तारा आहेत. म्हणून त्यास ६५,५३६ बाइट, अर्थात ६४ किलोबाइट स्मृती थेट जोडता येते.

२) जुळणी : ८ किलोबाइटच्या चिप वापरून ६४ किलोबाइट स्मृती जुळवायची आहे. ६४ भागिले ८, म्हणजे ८ चिप लागतील. एका चिपमध्ये ८१९२ जागा, म्हणजे २ चा १३ वा घात. म्हणून खालच्या १३ तारा सर्व चिपना सारख्याच जोडाव्यात. वरच्या ३ तारा उरतात, त्या डिकोडरला द्याव्यात. तो ८ पैकी एकाच चिपला जागे करतो. विहाराच्या ग्रंथालयात आधी कपाट ठरते, मग कप्पा. तसेच हे आहे.

पडताळा पाहू. पत्ता १०,००० कोठे सापडेल ? पहिल्या चिपमध्ये ० ते ८१९१, दुसरीत ८१९२ ते १६,३८३. म्हणजे दुसरी चिप. आणि १०,००० वजा ८१९२, म्हणून तिच्यातील जागा क्रमांक १८०८.

डिकोडर चुकीचा जोडून दोन चिप एकाच वेळी जाग्या झाल्या, तर दोन्ही एकाच तारांवर माहिती टाकतात आणि ती बिघडते.

३) रॉम व रॅम : ८०८५ सुरू होताच पहिली आज्ञा पत्ता ० वरून वाचतो. म्हणून पहिली चिप रॉम हवी, कारण वीज गेली तरी तिच्यातील मजकूर टिकतो. पुढील चिप रॅमच्या ठेवता येतात. रॅमचे दोन प्रकार. स्थिर रॅममध्ये एका बिटासाठी सहसा ६ ट्रान्झिस्टर लागतात. ती वेगवान पण महाग. गतिक रॅममध्ये १ ट्रान्झिस्टर व १ कपॅसिटर पुरतो. या रचनेचे पेटंट आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली मिळाले. कपॅसिटरमधील विद्युतभार गळत राहतो, म्हणून तो सेकंदात अनेकदा पुन्हा भरावा लागतो.

आपल्या अभ्यासाचेही तसेच आहे. उजळणी थांबली की शिकलेले ओसरते. आता १६ किलोबाइटच्या चिप घेऊन हेच गणित स्वतः सोडवा. किती चिप ? डिकोडरला किती तारा ? उत्तर ४ आणि २ आले, तर धडा समजला. मग तो शेजारच्या एका विद्यार्थ्यास अवश्य समजावून सांगा.